डांगीचा वळू कोणाच्या दावणीला?

नाशिक शहरात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पन्नास किलोमीटरही लांब नसलेल्या इगतपुरीत तोच आकडा ३००० च्या पुढे जातो. जिल्हा एक, जिल्हा परिषद एक, कृत्रिम रेतनाचं उद्दिष्टही एकच. पण निफाडच्या सिमेंटच्या गोठ्यात ओला चारा आणि सरकी पेंड खाऊन सुखानं दूध देणारी संकरित गाय इगतपुरीच्या घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्ट काढताना खुरांनी सडते, गोचीड तापाने मरते. ती जगलीच तर औषधांच्या बिलानं मालक मरतो. त्या पट्ट्यासाठी निसर्गानं आणि कानडी, महादेव कोळी, ठाकर गुराख्यांनी मिळून घडवलेली जात म्हणजे डांगी. ती आज संपायला आली आहे. ती संपावी की टिकावी, आणि टिकवायची तर कोणाच्या खर्चानं, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

डांगीचं घर म्हणजे इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका आणि गुजरातेतला डांग जिल्हा. नाव डांगवरून पडलं, पण जातिवंत जनावर बघायचं तर घोटी आणि राजूरच्या बाजार-प्रदर्शनातच जावं लागतं. पांढऱ्या अंगावर काळे किंवा लाल ठिपके, बांधा मध्यम, कान लहान, शिंगं आखूड नि जाड, कपाळ किंचित पुढे आलेलं. गुराखी रंगावरून पारा, बहाळा, मणेरा अशी नावं देतात आणि त्यावरून तासन्‌तास वाद घालतात. पण रंग हा डांगीचा गुण नाही. गुण कातडीत आणि खुरात आहे.

चार दिवस झड लागलेली असताना रानातून परतलेल्या डांगी गाईच्या पाठीवरून तळहात फिरवून पाहावा. हाताला तेलकट, जरासं चिकट लागतं. ही कातडी स्निग्ध द्रव पाझरते, म्हणून पाणी केसांवरून ओघळून जातं, आत मुरत नाही. त्याच वेळी शेजारच्या होल्स्टीन संकराच्या पाठीवरचे केस कातडीला चिकटलेले असतात, मांड्यांना चिखलाची खपली असते आणि खुराच्या बेचक्यात बोट घातलं तर कुजका वास येतो. डांगीचं खूर काळं आणि गारगोटीसारखं टणक. भातखाचरात दिवसभर गुडघाभर चिखल तुडवून संध्याकाळी तीच जोडी कातळावरून घरी येते आणि लंगडत नाही. हे दोन गुण कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळत नाहीत. कृत्रिम रेतनाच्या कुठल्याही वीर्यकांडीसोबत, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या नळीसोबत, सांगितल्या जाणाऱ्या दुधाच्या आकड्यातही ते दिसत नाहीत.

डांगी सोडा, संकरित गाय पाळा, हे विरोधकांचं म्हणणं बाजूला सारण्यासारखं नाही, कारण त्यांचे आकडे खरे आहेत. डांगी गाय एका वेतात सरासरी ५०० किलोच्या आसपास दूध देते, म्हणजे दिवसाला दोन लिटर, आणि त्यातही वासराचा वाटा आधी. फॅट चार टक्क्यांच्या वर लागते, पण दोन लिटरच्या फॅटवर घर चालत नाही. पहिलं वेत यायला चार ते पाच वर्षं लागतात. दोन वेतांतलं अंतर दीड वर्षाच्या घरात जातं. आजकाल ‘देशी गाईचं दूध, ए-टू तूप, शंभर रुपये लिटर’ अशी भाषा करून डांगी वाचवायला निघालेले लोक भेटतात. त्यांचा हेतू चांगला असेल, पण हिशेब चुकीचा आहे. दोन लिटर दुधातून घुसळून तूप किती निघणार, आणि सुरगाण्याच्या पाड्यावरून ते नाशिकच्या कॉलेज रोडवर रोज पोचवणार कोण? त्या नादात वासराचं दूध तोडलं की वासरू खुरटतं आणि चार वर्षांनी येणारी कालवड सहा वर्षांनी येते. डांगीला दुधाच्या मापानं मोजणाऱ्यांत तिचे विरोधकही आहेत आणि भक्तही. चूक दोघांची एकच आहे.

डांगी ही कामाची जात आहे. ती उभी राहिली बैलाच्या खांद्यावर. गाईचं काम होतं दर दीड-दोन वर्षांनी एक वासरू देणं आणि त्यासाठी रानातलं गवत, भाताचा पेंढा यांपलीकडे काही न मागणं. अडीचशे किलोच्या आसपासच्या अशा गाईला दिवसाला सहा-सात किलो कोरडा चारा पुरतो. याच्या समोर दिवसाला बारा लिटर देणारी संकरित गाय ठेवा. शरीरपोषणाला दीड किलो आणि दर लिटरमागे चारशे ग्रॅम या नेहमीच्या हिशेबानं तिला रोज सव्वासहा किलो खुराक लागतो. म्हणजे पन्नास किलोचं पोतं आठ दिवसांत संपतं. ज्याला पाटाचं पाणी आहे, मका आहे, मुरघासाचा खड्डा आहे, डेअरीची गाडी दारात येते, त्यानं संकरित गाय जरूर पाळावी. निफाड, येवला, सिन्नरमध्ये तिला विरोध करण्याचं कारण नाही. पण जिथे पावसाळ्यानंतर भाताच्या पेंढ्याशिवाय वैरण नाही, तिथे ते पोतं उधारीवर येतं.

आता मूळ दुखण्याकडे वळू. जगात इतर ठिकाणी अशा डोंगरी, काटक, कमी दुधाच्या जाती टिकल्या त्या मांसामुळे. स्कॉटलंडच्या ओल्या, थंड डोंगरात गॅलोवे नावाची बिनशिंगी, दुहेरी केसांची जात आहे. तिच्याही कातडीची ख्याती पावसाला दाद न देण्याचीच. तिथे नांगर कधीच सुटला, तरी जात राहिली, कारण मोठ्या झालेल्या प्रत्येक गोऱ्ह्याला शेवटी एक गिऱ्हाईक होतं. महाराष्ट्रात तो रस्ता नाही. १९७६ च्या प्राणिरक्षण कायद्यानं गाईची कत्तल बंद केली आणि २०१५ च्या दुरुस्तीनं बैल आणि वळूही त्यात आले. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ही बंदी कायम ठेवली. समाजाच्या एका मोठ्या भागाची ही श्रद्धा आहे आणि कायदा त्या श्रद्धेनं केला आहे. त्या श्रद्धेवर इथे वाद घालायचा नाही. वाद आहे तो बिल कोण भरतं यावर.

पूर्वीचा व्यवहार साधा होता. दहा-बारा वर्षं राबलेला बैल बाजारात जायचा, त्याचे जे चार पैसे येतील त्यात भर घालून दोन दाती खोंड यायचा. म्हातारा बैल हे नव्या बैलाचं भांडवल होतं. ते भांडवल एका कायद्यानं शून्यावर आलं. आता तोच बैल उरलेलं आयुष्य दावणीला उभा राहतो. दिवसाला सहा किलो कोरडी वैरण धरली तरी वर्षाला ती दोन टनांच्या वर जाते. दोन एकर भाताच्या माणसाला एका बैलामागे एवढा पेंढा परवडत नाही. मग तो काय करतो? तो नवा खोंड घेत नाही. भाताच्या आवणीच्या, म्हणजे लावणीच्या, वेळेस भाड्यानं पॉवर टिलर आणतो. पुढच्या वर्षी गाय फळवायची वेळ आली की म्हणतो, गोऱ्हा झाला तर काय करू? हा प्रश्न एका गोठ्यात नाही, सगळ्या पाड्यांवर एकाच वेळी विचारला जातो, आणि जात आटते ती तिथे. विसाव्या पशुगणनेत, २०१९ साली, देशातला देशी गोवंश सुमारे ६ टक्क्यांनी घटलेला दिसला आणि संकरित सुमारे २७ टक्क्यांनी वाढलेला. डांगी पट्टा त्याला अपवाद असेल असं मानायला काही कारण नाही.

राज्य सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ जाहीर केलं आणि गोशाळांमधल्या देशी गाईंसाठी दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवलं. एका जनावरामागे वर्षाला १८,२५० रुपये होतात. रक्कम लहान नाही. पण ती मिळते गोसेवा आयोगाकडे नोंदलेल्या गोशाळेला. पेठ तालुक्यातल्या ज्या माणसाच्या दावणीला चार डांगी गाई, एक वळू आणि एक थकलेला बैल आहे, त्याला त्यातला रुपयाही नाही. तीच गाय त्यानं गोशाळेत सोडली की मात्र तिच्या नावानं पैसे सुरू होतात. म्हणजे जनावर पाळणाऱ्यानं ते सोडून द्यावं, हाच या योजनेचा अर्थ त्याच्यापर्यंत पोचतो. गोशाळेत गाय जगेल, पण जात जगणार नाही. गोशाळेत येतात भाकड, जखमी, पकडलेली, सोडलेली जनावरं. त्यांत गीरही असते, गावठीही असते, कोण कोणाची वासरं याची नोंद नसते. जात टिकते निवडीतून, आणि निवड करतो तो रोज गुरं राखणारा.

ही निवडच आज उलटी चालली आहे. गावोगावच्या बाजारांत पाहावं. जबडा उघडून दात मोजले जातात: आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. दोन दाती म्हणजे दोन-अडीच वर्षांचा खोंड. खांदा भरलेला, पाय सरळ, खूर काळं, चालण्यात ताठा असलेल्या खोंडाला बैल म्हणून सगळ्यात जास्त भाव येतो. म्हणून त्यालाच आधी बडवतात, आता चिमट्यानं खच्ची करतात. कळपातला सर्वांत उत्तम नर दोन-अडीच वर्षांतच वंशातून बाद होतो. मागे उरतो तो कोणी न घेतलेला, अर्धपोटी वाढलेला गोऱ्हा, आणि रानात गाई फळवतो तोच. तीन पिढ्या असं चाललं की खुरं मऊ पडतात, उंची घटते, आणि मग कोणीतरी शहाणा सांगतो की डांगीत आता काही राहिलं नाही, दुसरं रक्त घाला.

दुसरी गडबड सोयरिकीची. वळू एकाच कळपात किती वर्षं ठेवायचा याचं साधं गणित आहे. आज वळू कळपात सोडला तर साडेनऊ महिन्यांनी त्याची पहिली वासरं येतात. डांगी कालवड साधारण साडेतीन वर्षांची झाली की माजावर येते. म्हणजे सव्वाचार वर्षांनंतर तोच वळू स्वतःच्या लेकींवर जाऊ लागतो. बाप-लेकीच्या वासरात अंतःप्रजननाचं प्रमाण थेट २५ टक्के. वासरं कमजोर निपजतात, गाभण राहण्याचं प्रमाण घसरतं, दूध आणखी कमी होतं. संकरित गाईंत कालवडी लवकर माजावर येतात म्हणून अडीच-तीन वर्षांत वळू बदला असं सांगितलं जातं. डांगीत चार वर्षं मिळतात, पण चारच. इगतपुरीचा वळू चार वर्षांनी अकोल्यात आणि अकोल्याचा इगतपुरीत, एवढी अदलाबदल जरी झाली तरी अर्धं दुखणं जाईल. जिल्ह्याची हद्द मध्ये येते म्हणून हे होत नाही, हे समजण्यापलीकडचं आहे. गुरांना नाशिक आणि अहिल्यानगर कळत नाही.

कृत्रिम रेतनानं हे सुटेल असं वाटणाऱ्यांनी एक दिवस त्या डोंगरात घालवावा. गाय सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी, असा नियम आहे. पण गाय सकाळी सातला रानात जाते आणि सहाला येते. माज रानात सुरू होतो, रानातच ओसरतो. दवाखाना पंधरा किलोमीटरवर, पावसात ओढ्याला पाणी, मोबाइलला रेंज नाही. नायट्रोजनच्या भांड्यातून काढलेली कांडी ३७ अंशांच्या पाण्यात तीस सेकंद धरायची असते. पाड्यावर थर्मामीटर नसतो, पाणी अंदाजानं कोमट केलं जातं आणि वीर्य तिथेच मरतं. दोन-तीन वेळा उलटलं की मालकाचा विश्वास उडतो. मुक्त चरणाऱ्या पन्नास-साठ गाईंना एक निरोगी वळू हे रेतनाच्या कुठल्याही मोहिमेपेक्षा खात्रीचं आहे. आणि रेतन जिथे पोचतं तिथे कांडी बहुतेक वेळा डांगीची नसते.

इथे गीरबद्दल स्पष्ट बोलायला हवं. जर्सी-होल्स्टीनला विरोध करणारे अनेकजण गीरची कांडी मात्र आनंदानं भरून घेतात, कारण ती देशी आहे. गीर उत्तम गाय आहे, सौराष्ट्राच्या कोरड्या हवेत आणि चांगल्या दाण्यावर. पण डांगीच्या रक्ताचा हिशेब देशी-विदेशी पाहत नाही. पहिल्या पिढीत डांगी ५० टक्के उरते, दुसरीत २५, तिसरीत साडेबारा. घाटमाथ्यावर तिसऱ्या पिढीची ती गाय लांब कानांची, घोळदार मानेची दिसेल, पण तेलकट कातडी आणि गारगोटीचं खूर तिला मिळेलच याची हमी कोणी देत नाही. शिवाय लिंगवर्गीकृत वीर्याचा आग्रह आता वाढतोय, ज्यात साधारण दहापैकी नऊ वासरं माद्या होतात. दुधाच्या गोठ्यासाठी ते वरदान आहे. ज्या जातीचं सगळं मोल नरात आहे आणि जिच्याकडे आधीच धड वळू उरलेले नाहीत, तिच्यात सरसकट ते वापरणं म्हणजे उरलेली मुळीही उपटणं.

बैलाचं कामच संपलं, तेव्हा नराचं मोल काय, असा प्रतिप्रश्न येतो. सपाट रानात ते खरं आहे. पण इगतपुरी-पेठेच्या उतारावर अजून दोन-तीन गुंठ्यांची खाचरं आहेत. एकाखाली एक, बांध कमरेएवढे, मधून पाणी वाहतं. ट्रॅक्टर तिथे वळत नाही. पॉवर टिलर बांधावरून खाली उतरवायला तीन माणसं लागतात आणि तो आवणीच्या नेमक्या आठवड्यात सगळ्यांनाच हवा असतो. रोपं राबात, म्हणजे रोपवाटिकेतच, उभी राहून वाढतात, आवणी आठ दिवस लांबते, फुटवे कमी येतात. घरची जोडी असेल तर दिवसाला दहा-पंधरा गुंठे चिखलणी होते, ती पावसाच्या सोयीनं आणि डिझेलशिवाय. हे काम वर्षातले तीस-चाळीस दिवस आहे हे मान्य. उरलेले दिवस बैल बसून खातो, म्हणूनच त्याच्या बसण्याचा खर्च कोणीतरी उचलला पाहिजे.

शेणाचंही मोल कोणी धरत नाही. निफाड-दिंडोरीचे द्राक्षबागायतदार एप्रिलच्या खरड छाटणीच्या आसपास शेणखताच्या ट्रॉल्या शोधत फिरतात. एक डांगी जनावर दिवसाला आठ-दहा किलो शेण टाकतं, त्यातलं निम्मं रानात पडतं असं धरलं तरी वर्षाला दीड टनाच्या आसपास शेण घरी येतं. ते आज पावसात उघड्यावर धुऊन जातं, कारण उकिरड्याला छप्पर नाही. तीन हजार मिलिमीटर पावसात उघडा उकिरडा म्हणजे नत्र ओढ्यात सोडणं. चार बांबू आणि एक पत्रा एवढ्यानं ते खत विकण्याजोगं होतं.

डांगीची उशिरा वेणं आणि लांबलेली भाकड वेळ हा सगळाच वंशदोष नाही, त्यातला मोठा भाग उपासमारीचा आहे. पेंढ्यात प्रथिनं तीन-चार टक्क्यांच्या वर नसतात. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया पन्नासेक लिटर पाण्यात विरघळवून थराथरानं शिंपडायचा, तुडवून दाबायचा, प्लास्टिकनं हवाबंद करून २१ दिवस ठेवायचा. नत्र वाढतं, पेंढा मऊ पडतो, जनावर जास्त खातं. बिघडतं ते दोन ठिकाणी. झाकण नीट बसलं नाही तर अमोनिया उडून जातो आणि पेंढ्याला बुरशी येते. काढल्यावर तासभर हवेशीर न पसरता घातला तर जनावर तोंड लावत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना तो द्यायचाच नाही. युरियाचं पाणी उघडं ठेवलं आणि गाईनं पिऊन टाकलं तर ती वाचत नाही, म्हणून बादली हातातून सोडायची नाही. रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण, पावसाळ्याआधी आणि नंतर जंतनाशक, त्यातही भातखाचरातल्या गोगलगाईंमुळे होणाऱ्या पर्णकृमीवर चालणारं, आणि मे महिन्यातच घटसर्प-फऱ्याची लस. एवढं झालं तर कालवड वर्षभर आधी माजावर यावी, अशी अपेक्षा बाळगायला हरकत नाही. परकं रक्त घालण्याआधी हे करून पाहिलं आहे का, हा प्रश्न पशुसंवर्धन खात्याला विचारायला हवा.

चराईबद्दल थोडं. वनखात्याच्या चराईबंदीनं कळप लहान झाले हे खरं आहे, पण २००६ च्या वनहक्क कायद्यात चराई हा सामूहिक हक्क म्हणून मान्य आहे. ग्रामसभांनी दावे करताना मोहासारख्या गौण वनोपजाबरोबर चराईही लिहावी.

मागणी तीनच गोष्टींची आहे. पश्चिम पट्ट्यातल्या तालुक्यांत मालकाला विचारल्याशिवाय दुसऱ्या जातीची कांडी भरायची नाही आणि दवाखान्याच्या भांड्यात डांगीची कांडी कायम असली पाहिजे. गोशाळेला जे ५० रुपये मिळतात तेच कानात बिल्ला मारलेल्या डांगी वळूला आणि दहा वर्षांपुढच्या बैलाला, मालकाच्या घरच्या दावणीला मिळाले पाहिजेत. ज्या समाजानं बैल विकू नको म्हटलं त्यानं त्याची वैरण द्यावी, यात उपकार कसला? तिसरी गोष्ट प्रदर्शनांची. आज शिंगं रंगवून, अंगाला तेल चोपडून आणलेल्या जनावराला जागेवर ढाल आणि रोख मिळते, आणि पुढच्या महिन्यात तोच खोंड बैल म्हणून खच्ची होऊन विकला जातो. बक्षीस तीन हप्त्यांत द्यावं. पहिला हप्ता प्रदर्शनात. दुसरा वर्षभरानं, तो खोंड अजून वळू म्हणूनच आहे आणि त्यानं गाई फळवल्या आहेत याची नोंद दाखवल्यावर. तिसरा, त्याची वासरं पुढच्या प्रदर्शनात उभी केल्यावर. परीक्षकांनी तेव्हा वासराच्या अंगावरून हात फिरवावा, खूर उचलून पाहावं, आणि रंग सगळ्यात शेवटी बघावा.